साताऱ्याचा यवतेश्वर घाट उतरताना गुडघा बाहेरून दुखतोय

शाहूपुरीकर:
वय 41, वजन 82. हिल मॅरेथॉनची तयारी चाललीय. घाट चढताना काही नाही, पण उतरायला लागलो की दोनेक किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी टोचल्यागत होतं. रविवारी समर्थ मंदिरापर्यंत लंगडत आलो. सूज नाही. बाम चोळून झाला.

कंदीपेढा:
गुडघा अडकत नाही ना? मग बहुधा आयटी बँड. कमरेपासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा पट्टा. गुडघा साधारण 30 अंशांत वाकला की तो हाडाशी दाबला जातो, उतारावर तर सारखाच. बामाला तो दाद देत नाही. दोन-तीन आठवडे उतार बंद. घाट चढा, खाली गाडीनं या. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला, 15 चे तीन सेट. मला दीड महिना लागला.

शाहूपुरीकर:
अडकत नाही. बूट मात्र तीन वर्षांचे, तळ एका बाजूनं गेलाय.

कृष्णाकाठ:
मग ते आधी बदला राव! उतारावर ढांगा टाकू नका, छोटी पावलं. सूज आली किंवा गुडघा अडकला, तर इथं विचारत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

शाहूपुरीकर:
खाली आणायला मेव्हण्याला गाठलंय. पेट्रोल माझं, मिसळही माझीच म्हणतोय.