मदत हवी आहे: आईला डोळ्यांत ड्रॉप्स घालता येत नाहीत

आईला (वय ७२) डोळे कोरडे पडायचा त्रास आहे. सारखं खुपतं, आणि गंमत म्हणजे कोरडे म्हणायचे तरी वाऱ्यावर गेलं की घळाघळा पाणी येतं. डॉक्टरांनी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्क्याचे ड्रॉप्स दिवसातून चार वेळा आणि झोपताना जेल दिलंय. गुण येतोय, औषधाबद्दल तक्रार नाहीच.

अडचण बोटांची आहे. संधिवातामुळे बाटली दाबली जात नाही. दाबली तर थेंब गालावर, नाहीतर एकदम तीन-चार. बाटलीचं टोक पापणीला टेकतं ते वेगळंच, त्यातून जंतू आत जायची धास्ती. दिवसभर घरी ती एकटीच. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदा वापरून टाकायच्या छोट्या कुप्या आणून पाहिल्या. त्यांचं तर टोकच तिला पिळून तोडता येईना. वर महाग!

बाटली धरायला, दाबायला मदत करणारं एखादं साधन कुणाच्या घरी वापरात आहे का? मेडिकलमध्ये मिळतं की ऑनलाइनच मागवावं लागतं? आडवं पडून, डोळा मिटून आतल्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा, अशीही एक पद्धत आहे. वयस्कर माणसांना ती एकट्याने जमते का? औषध बदलायचं मात्र सुचवू नका, ते डॉक्टर बघतील.