शब्दचर्चा : जिवंत माणसावर ‘अंतिम संस्कार’?

कृष्णाकाठ
मिरजेत उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एका पत्रकाचं मराठी चालू आहे. मूळ वाक्य एवढंच की कॅथलिक रुग्णाला ‘लास्ट सॅक्रमेंट’ (फादर तेल लावून प्रार्थना करतात तो विधी) हवं असेल तर नर्सला सांगा. कच्च्या मसुद्यात आलंय : ‘रुग्णावर अंतिम संस्कार करावयाचे असल्यास परिचारिकेस कळवावे.’ हे वाचून खाटेवरचा माणूस सलाईनसकट पळेल. दुसरा शब्द सुचवा.

पाठभेद
घोळ ‘लास्ट’मध्येच आहे. हा मरणाचा नव्हे, गंभीर आजाराचा विधी. ‘शेवटचा अभ्यंग’ म्हणण्यापेक्षा ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं अधिक योग्य, असं कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंच म्हटलं आणि १९७२ साली सहावे पोप पॉल यांनी विधीही बदलला. गंभीर आजारावरच्या शस्त्रक्रियेआधी देतात, वयानं खचलेल्यांना देतात. बरा होऊन पुन्हा आजारी पडला, किंवा त्याच दुखण्यात तब्येत ढासळली, तर पुन्हा देता येतो. अंत्यसंस्कार कुणाचे दोनदा झालेत? ‘तैलाभ्यंग’ लिहा.

हळकुंड
अभ्यंग म्हटलं की सांगलीत दिवाळीची पहाट, उटणं आणि मोती साबण. ‘तेल लावणे’ म्हणावं तर त्याचा कट्ट्यावरचा अर्थ सगळ्यांना ठाऊक, ‘तेलवण’ म्हणावं तर लग्नघर. ‘लेपन’ बरं.

पाठभेद
लेप दाट असतो. इथं अंगठ्याला लागेल इतकंच तेल, कपाळाला आणि दोन्ही हातांना. (१९७२पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असा क्रम होता.) तेल ऑलिव्हचं, ते मिळत नसेल तर दुसरं वनस्पतीचं चालतं. आणि अभ्यंगातला ‘अञ्ज्’ धातू, आपल्या अंजनातला, लॅटिन ‘उंक्तिओ’च्या (तेल लावणं) घराण्यातलाच आहे. चुलतभाऊ दारात उभा असताना परका शब्द कशाला शोधायचा?

रात्रपाळी
व्युत्पत्ती राहू दे, पत्रक वाचणाऱ्याचं बघा. ‘अंतिम’ शब्दामुळेच लोक फोन करायला उशीर करतात. मृत्यू झाल्यावर हे तेल देत नाहीत, फक्त प्रार्थना होते. जीव आहे की नाही अशी शंका असेल तरच देतात. बेशुद्ध माणसाला चालतं, शुद्धीवर असता तर त्यानं मागितलं असतं असं मानता येत असेल तर. आयसीयूत नळ्या-पट्ट्यांमुळे हात मोकळे नसतील तर कपाळावर एकदा लावलं तरी पुरतं. संसर्गाची भीती असेल तर कापसाचा बोळा चालतो.
आणि ‘सिस्टरना सांगा’ असं मोघम लिहू नका. वॉर्डात सिस्टर म्हणजे नर्स, कॅथलिक घरात सिस्टर म्हणजे मठातली. तेल दोघीही देऊ शकत नाहीत, फादरच लागतात.

पाटीपेन्सिल
खरं तर शेवटचा साक्रामेंत (म्हणजे सॅक्रमेंट) तेलाचा नाहीच. मरणाच्या वाटेवरच्याला देतात ते कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकरी आणि द्राक्षारस, हा शेवटचा. त्याचं लॅटिन नाव ‘वियातिकुम’, म्हणजे वाटखर्ची. मराठीत ‘शिदोरी’ हा शब्द तयार आहे! क्रम असा : आधी पापांची कबुली, मग तेल, मग शिदोरी. गिळता येत नसेल तर भाकरीचा कणभर तुकडा, तोही जात नसेल तर नुसता द्राक्षारस, थेंबभर. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला नाही, त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही.

हळकुंड
‘रुग्णास शिदोरी हवी असल्यास नर्सला सांगावे.’ डबा येईल हो, पिठलं-भाकरीचा.

मुद्रितशोधक
मूळ दुखणं ‘संस्कार’ या शब्दाचं आहे. मराठीत संस्कार करतात किंवा होतात. ‘संस्कार दिला’, ‘संस्कार स्वीकारला’ ही भाषांतरी मराठी. सरळ ‘साक्रामेंत’ ठेवा. पाद्री, क्रूस, नाताळ पोर्तुगिजांकडूनच आले ना? पचले.

पाठभेद
दीक्षा देतात-घेतात, मग संस्कारानं काय घोडं मारलंय? ‘करतात’ हे क्रियापद विवाहाला लावून बघा. रोमन परंपरेत विवाहाचा संस्कार वधूवर एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीनं संमती विचारतात आणि ऐकतात. ‘फादरनी लग्न लावलं’ हे आपलं भटजींवरून आलेलं बोलणं.

वानलेसवाडी
मिरजेत मिशनचं रुग्णालय १८९४ साली डॉ. वानलेस यांनी काढलं, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका पंथाचं. त्यामुळे इथली ख्रिस्ती मराठी मुळात प्रॉटेस्टंट आहे : ‘फादर’ नाही, ‘पाळक’, कॅथलिकांसारखे सात साक्रामेंत नाहीत, दोनच : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आजाऱ्यासाठी प्रार्थना आहेच, पण ती त्या मोजणीत नाही. बाप्तिस्म्याला वसईकडचे कॅथलिक म्हणतात तो ‘स्नानसंस्कार’ इथं म्हणालात तर विचारतील, आंघोळ कुणाची?

पाटीपेन्सिल
आंघोळ नाहीच, बहुधा डोक्यावर तीनदा पाणी ओततात. पण त्यावरून आठवलं, बाप्तिस्म्याला बाळाच्या बाजूनं उभा राहतो त्या ‘गॉडफादर’ला काय म्हणायचं? ‘धर्माचा बाप’?

हळकुंड
धर्माचा म्हणजे फुकटचा. बाप कुठला, धर्मशाळा वाटते.

पाठभेद
‘धर्मपिता’ म्हणा, पण अटी बघून. साधारण सोळा पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा विधी) झालेला, आणि बाळाचा आईबाप नसलेला. एकच पुरे, दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. मिरजेच्या प्रॉटेस्टंट मामाला उभं करायचं असेल तर कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीनं, आणि फक्त ‘साक्षीदार’ म्हणून. भाषांतरात दोघांना एका शब्दात कोंबू नका. पुढं लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला काढतात, तेव्हा प्रश्न येतात.

मुद्रितशोधक
मग ‘साक्षी’ लिहा. ‘साक्षीदार’मधला ‘दार’ फारसी.

हळकुंड
पोर्तुगीज पाद्री पचला आणि फारसी दार अडकलं होय?