विंडोजवरून उबुंटूला रिमोट केलं की नुसती काळी स्क्रीन

कोथरूडकर: घरच्या पीसीवर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, त्याचा डेस्कटॉप लांबून उघडता यावा म्हणून एक्सआरडीपी टाकलंय, हिंजवडीतून विंडोज लॅपटॉपवरून कनेक्ट करतो तर पासवर्ड घेतो आणि मग काळी स्क्रीन, मधोमध नुसता कर्सर, थोड्या वेळाने आपोआप बंद. बाहेरून रिमोटला वाट मिळावी म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट पण उघडलंय. तीन रात्री घातल्या राव.

पेठेतला: पासवर्ड घेतोय ना, मग नेटवर्कला शिव्या देऊ नकोस. घरी त्याच युजरने लॉगिन राहिलंय का? एकाच युजरची दोन डेस्कटॉप सेशन्स भांडतात. लॉक नाही, लॉगआउट कर.

टेकडीवाला: ते पोर्ट आधी बंद करा हो! कुठले कुठले बॉट दिवसभर पासवर्ड ठोकून बघत असतात. व्हीपीएन टाका, नाहीतर एसएसएच टनेल, म्हणजे घरापर्यंतची कुलूपबंद वाट. आणि उलटं घरच्या विंडोजवर यायचं असेल तर होम एडिशनमध्ये ती सोय नाही, प्रो लागतं, माझा अख्खा रविवार त्यात गेला.

कोथरूडकर: चाललं!! आईला फोन केला तर म्हणे "अरे, मी भजनं लावलीयेत त्यावर", म्हणजे माझंच लॉगिन चालू. लॉगआउट कुठे असतं ते सांगण्यात वीस मिनिटं, मागे कुकरच्या शिट्ट्या. आता तिला वेगळा युजर करून देतो. पोर्ट आज रात्रीच बंद.