ओटीजीत कुकीजचा तळ करपतो, वरची बाजू मात्र पांढरी

प्रश्न:
३० लिटरचा ओटीजी (वर-खाली तापणारे रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन) आहे, आत पंखा नाही. ओव्हनसोबत आलेला काळा नॉनस्टिक ट्रे तूप लावून वापरते. प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, बटर १२०, साखर १२०, बेकिंग सोडा १ छोटा चमचा, दूध लागेल तसं. दोन्ही रॉड चालू, १८० अंश, ट्रे सर्वांत खालच्या खणात, १५ मिनिटं. तळ काळपट होतो, वर रंग येत नाही. दुसरा घाणा तर पसरून एकमेकांना चिकटतो. तापमान १५० वर आणू का?

खरपूस:
१५० नको. आच मंद असली की कडा धरायच्या आतच बटर वितळून जातं आणि कुकी आणखी पसरते. १७० ठेवा, पण आधी ट्रे आणि खण बदला. काळा ट्रे रॉडची धग जास्त शोषतो, त्यात तो खालच्या रॉडच्या अगदी डोक्यावर. शिवाय सोबत येणारा ट्रे बहुतेकदा भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतो, म्हणजे खालची गरम हवा ट्रेखालीच अडकते आणि वरचा भाग उपाशी. मधल्या खणात जाळी सरकवा, तिच्यावर फिक्या रंगाचा, कमी काठाचा अॅल्युमिनियमचा ट्रे ठेवा. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोकळं राहायला हवं. काच नको, ती उशिरा तापते आणि बाहेर काढल्यावरही तळ भाजत राहते.

रॉड तापताना लागणारा बाहेरचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नका. त्या वेळी फक्त हवा तापलेली असते, भिंती नाहीत. दार उघडलं की ती हवा निघून जाते आणि रॉड पुन्हा लालभडक होतात. करपतं ते तेव्हा. १५-२० मिनिटं तापवा.

तूप लावणं बंद करा, निसरड्या ट्रेवर गोळा जास्त पसरतो. बेकिंग पेपर घाला. साधा बटर पेपर सिलिकॉनचा लेप नसेल तर चिकटतो, मेणाचा कागद तर ओव्हनमध्ये घालूच नये.

जाळीवाली:
सोडा फार झाला. २०० ग्रॅम मैद्याला पाव छोटा चमचा पुरे. जास्त सोड्याने रंग लवकर चढतो, कुकी पसरते आणि साबणासारखी चव मागे राहते. दूध शक्यतो घालूच नका, गोळा वळला जात नसेल तरच एखादा चमचा.

दुसरा घाणा पसरतो कारण ट्रे गरम असतो. त्यावर ठेवल्या ठेवल्या गोळ्याचा तळ वितळायला लागतो. दोन ट्रे आलटून पालटून वापरा. एकच असेल तर पूर्ण निवू द्या. गरम ट्रे नळाखाली धरला तर पातळ पत्रा वाकतो. तोवर उरलेले गोळे फ्रीजमध्ये. पहिल्या घाण्याआधीही अर्धा तास तिथेच ठेवायचे.

प्रश्नकर्ती:
फिक्या रंगाचा ट्रे नाही. अॅल्युमिनियमचा ८ इंची केक टिन आहे, चालेल? की काळ्याच ट्रेवर काही उपाय आहे?

खरपूस:
टिन चालेल, पण पालथा घालून. सरळ ठेवला तर उंच काठांमुळे कुकीजना बाजूची धग लागत नाही. पालथ्या बुडावर बेकिंग पेपर, त्यावर पाच-सहा गोळे, मध्ये ४ सेंटीमीटर अंतर. काळाच ट्रे वापरायचा तर एकात एक दोन ट्रे ठेवा, मधल्या हवेमुळे तळाला धग कमी लागते. तापमान १६५. वेळ दोन-तीन मिनिटं वाढेल.

जाळीवाली:
ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर टांगून एकदा तपासा. नॉबच्या आकड्यात २० अंशांचा फरक अगदी नेहमीचा. रॉड चालू-बंद होत असल्याने काटाही वरखाली होतो, म्हणून एकच आकडा धरू नका, दहा मिनिटांत चार-पाच वेळा बघून मधला आकडा घ्या.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तिथे तक्रार उलटी असते. खाली रॉड नसतो, पंखा गरम हवा फेकतो, त्यामुळे वर रंग येतो आणि तळ फिका राहतो. तिथे काळा ट्रेच बरा, बुटक्या स्टँडवर, म्हणजे खालूनही हवा फिरते. धातूचा ट्रे फक्त कन्व्हेक्शनवर, मायक्रो किंवा कॉम्बी (दोन्ही एकत्र) मोडवर अजिबात नाही.

आणि १५ मिनिटांचा हिशेब सोडा, ११व्या मिनिटापासून काचेतून बघत राहा. कडा सोनेरी दिसल्या की बाहेर, मध्यभाग तेव्हा मऊच असतो. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, लगेच उचललात तर मोडतील. मग जाळीवर. काळ्या ट्रेवर मात्र दोनच मिनिटं.