आऊट झालेल्या पोरांचं काय करायचं

लहान मुलांच्या खेळांबद्दल कोणीतरी लिहिलंय की संगीत खुर्चीत आऊट झालेली मुलं रडतात नाहीतर दंगा करतात, अहो करणारच की, चार-पाच वर्षांचं पोर नुसतं बघत बसणार किती वेळ! मी आऊट करणंच बंद केलं. खुर्च्यांऐवजी चटया टाकते, गाणं थांबलं की एक चटई काढायची, मूल नाही, उरलेल्यांवर सगळ्यांनी मावायचं, शेवटी एका चटईवर आठ जण एकमेकांना घट्ट धरून, हसून हसून लोळतात नुसते. विषामृत पण बेस्ट, विष मिळालं तरी कोणीतरी अमृत देतंच, परत पळायला मोकळा. राज्य मात्र दर दोन मिनिटांनी बदला, नाहीतर ज्याच्यावर राज्य तो रडकुंडीला येतो (आणि मग आई मधे पडते). नियम सांगत बसू नका, एक डाव खेळून दाखवा.