सुरुवात केली, सुटली, परत धरली... तुमचं कसं झालं?

काल कपाट आवरायला काढलं होतं, खालच्या कप्प्यात २०१६ ची वही मिळाली. पहिल्याच पानावर पट्टीने आखलेला तक्ता. पहाटे ५ ला उठणे, व्यायाम ४५ मिनिटे, ध्यान, वाचन ३० पानं, रोजचा हिशोब, आणि सगळ्यात खाली "चिडचिड नाही". समोर ३१ चौकोन. ११ तारखेपर्यंत हिरव्या पेनाने बरोबरच्या खुणा, १२ ला सगळ्या ओळींत फुली. त्यापुढे अख्खी वही कोरी.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. ती १२ तारीख मला आठवते, आईला ताप होता आणि मी रात्रभर जागी होते. म्हणजे फुली मारायचं खरं तर काही कारणच नव्हतं, पण मारली, आणि मग आता मोडलंच म्हणून सगळंच सोडून दिलं. पुढची ५ वर्षं मी चारचौघांत सांगत फिरले की माझ्यात चिकाटीच नाही.

२०२१ मध्ये परत सुरू केलं तेव्हा तक्ता वगैरे काही नाही. रात्री झोपताना चालायचे बूट दाराशी, मोजे त्यातच खुपसलेले. ठरवलं एवढंच की सकाळी ते घालून फाटकापर्यंत जायचं, नकोसं वाटलं तर मागे फिरायचं. पाच-सहा वेळा खरंच फाटकावरून मागे फिरले. पण बूट घातले होते ना. मधे दोनदा चांगला दोन-दोन महिने खंड पडला, एकदा पाय मुरगळला म्हणून, आणि एकदा काहीच कारण नाही, नुसतं सुटलं. आज रोज ४० मिनिटं चालतेय.

तुम्ही कुठून सुरुवात केलीत? आणि मुख्य म्हणजे सुटल्यावर परत कसं धरलंत ते लिहा. सुरुवातीचं सगळे सांगतात, मधलं कोणी सांगत नाही.

*

मोजे बुटात खुपसणे हे फार भारी आहे. सकाळी अर्धा वेळ दुसरा मोजा शोधण्यात जातो आणि तेवढ्यात मन फिरतं.

*

माझं वाचनाचं. आधी खूप वाचायचो, मग फोन आला आणि सात-आठ वर्षं एक पुस्तक पूर्ण झालं नाही, दरवर्षी ठरवायचो की महिन्याला दोन, आणि पुस्तकं आणून ठेवायचो, त्यांच्याकडे बघूनच अपराधी वाटायचं. शेवटी बायको म्हणाली अहो फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा बघू, आणि तिने काय केलं तर सकाळी पांघरूण आवरताना पुस्तक माझ्या उशीवर ठेवायला लागली, म्हणजे झोपायचं तर ते उचलावंच लागतं, आणि उचललंच आहे तर दोन पानं. दोनच. कधी चाळीस होतात, कधी दोनाच्या वर डोळे उघडे राहत नाहीत, पण दोन होतातच. गेल्या वर्षी १४ पुस्तकं झाली. श्रेय तिचं आहे हे मी सगळीकडे सांगतो.

*

२१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात ना? माझं तर २१ झाले की २५ व्या दिवशी सुटतं, तीनदा झालं असं. काय चुकत असेल?

*

वरच्या ताई, तुमचं काही चुकत नाहीये, तो आकडाच तसा नाहीये. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर माणसाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं "निदान" गळालं आणि चेहराही गळाला, उरलं फक्त २१ दिवसांत सवय! पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन अभ्यास केला, ज्याने त्याने रोजची एक छोटी गोष्ट निवडायची, १२ आठवडे. ती आपोआप व्हायला लागायला किती दिवस, तर मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसामाणसांत फरक केवढा तर १८ पासून पार २५४ पर्यंत (तो मोठा आकडा १२ आठवड्यांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज आहे). आणि धागाकर्तीच्या १२ तारखेबद्दल, त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम होत नाही. मला हे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

*

एक दिवस चुकला तर फरक पडत नाही... हे वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. थँक्यू.

*

चालण्यावरून आठवलं, १० हजार पावलांचाही तसाच प्रकार आहे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" अशा अर्थाचं. तिथून तो आकडा चिकटला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज २०-२५ मिनिटं भरभर चाललं तरी पुरेसं. माझे वडील १० हजार होत नाहीत म्हणून चालणंच सोडून बसले होते, त्यांना हे समजावलं तेव्हा परत बाहेर पडायला लागले.

*

गुडघे दुखत असतील तर चालावं का? कोणाला अनुभव?

*

मला थोडं वेगळं लिहायचंय. दोन वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. अलार्म, तक्ते, भिंतीवर चिठ्ठ्या, सगळं केलं. अंघोळ करायलासुद्धा तासभर स्वतःला ढकलावं लागायचं, आवडीच्या गोष्टीही नकोशा. बहिणीने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं डिप्रेशन आहे. औषधं सुरू झाली आणि समुपदेशक म्हणाल्या, मन लागेल तेव्हा करीन असं थांबू नका, आधी छोटंसं काहीतरी करा, मन मागून येतं. त्या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. माझं पहिलं काम होतं सकाळी खिडकीचा पडदा सरकवणे. बस. दुसऱ्या आठवड्यात पडदा आणि कुंडीला पाणी. कोणाला महिनोन्‌महिने असं वाटत असेल तर कृपया स्वतःला शिव्या देऊ नका, दाखवून घ्या.

*

वाचलं. लिहिलंस ते फार बरं केलंस गं. तुझ्या बहिणीला माझ्याकडून नमस्कार सांग. आता कशी आहेस?

*

बरी आहे ताई. कुंड्या आता नऊ झाल्यात 🙂

*

नऊ!! फोटो टाक

*

मी ४७ व्या वर्षी पोहायला शिकलो. पाण्याची भीती लहानपणापासूनची, कारण सांगत बसत नाही. नाव तीनदा घातलं आणि तिन्ही वेळा गेलो नाही, कारण ऑफिस सुटल्यावर घरी गेलो की संपलं, सोफा सोडवत नाही. मग पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांचं वाचनात आलं, १९९९ चा त्यांचा लेख आहे, की नुसतं "मी पोहायला जाणार" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं आधीच बांधून ठेवलं तर हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. मी बांधलं ते असं, की लॅपटॉप बॅगेत गेला की तिथूनच तलावावर, घरी जायचंच नाही. कपडे गाडीत. पहिले ९ दिवस फक्त कठड्याला धरून तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढले, शेजारी सहा वर्षांची पोरं सुळकन जायची, त्यातली एक रोज विचारायची काका आज किती वेळ? आणि मोजायची. तिने मोजलेले २३ सेकंद मला अजून लक्षात आहेत. गॉगल मात्र चांगला घ्या, माझा पहिला गळका होता, आणि डोळ्यात पाणी गेलं की सगळी जुनी भीती वर येते, पट्टा फार आवळू नका, आधी पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा.

*

गॉगलची टीप सोन्यासारखी आहे, मुलीसाठी घ्यायचाच होता.

*

२५ व्या दिवशी सुटतं म्हणाले होते ती मीच. विचार केला तर दरवेळी त्याच सुमारास मी वेळ वाढवला होता, १० मिनिटांचं एकदम ३० केलं, कारण आता सवय लागली असं वाटलं. यावेळी १० वरच राहणार, ६६ होईपर्यंत तरी.

*

हो हो, १० वरच राहा. आणि एखादा चुकला तर फुली मारू नका, चौकोन कोरा सोडा आणि पुढच्याला जा. मी आता तसंच करते.

*

गुडघेवाल्या ताई, तुमचं राहूनच गेलं. माझ्या आईलाही त्रास आहे, तिच्या फिजिओने चालणं बंद नका करू, सपाटीवर थोडं थोडं चाला असं सांगितलं, आणि खुर्चीत बसून एक पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवायचा, मग दुसरा. पण सूज असेल तर आधी दाखवा. सूज आहे का?

*

सूज नाही, जिने उतरताना दुखतं. खुर्चीवालं आत्ताच करून बघितलं, डावा पाय थरथरतो पण जमतंय. लेकीला आणायला जायचंय, रात्री लिहिते.