मदत हवी आहे: म्हातारा होत चाललेला महागडा पिचर (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा) घेऊन संघ सुधारतो का?

अमेरिकेतला बेसबॉल संघ टेक्सास रेंजर्स 2022 मध्ये 94 सामने हरले. मग त्यांनी 34 वर्षांच्या जेकब डिग्रॉमला 5 वर्षांसाठी 185 मिलियन डॉलर्सला घेतलं. 28 एप्रिल 2023 ला यँकीजविरुद्ध चौथ्याच इनिंगमध्ये हात आखडला, तो बाहेर. जूनमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. मोसमात फक्त 6 स्टार्ट (पहिल्या चेंडूपासून पिचिंग केलेले सामने)! तरी त्याच वर्षी रेंजर्स वर्ल्ड सिरीज (मोसमाचं अंतिम विजेतेपद) जिंकले, म्हणून माझा गोंधळ झालाय.

त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरमुळे गेलेल्या धावा; 2.67, उत्तमच) आणि वॉर (WAR: साध्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त सामने जिंकून दिले याचा अंदाज) पाहून झालंय, पण त्यात दुखापतीची जोखीम दिसत नाही. ‘तरुणांना शिकवतो’ हे मला पटतं, पण ते मोजायचं कसं? स्टार्टर पाच दिवसांतून एकदाच खेळतो. मग पडत्या संघाने हा पैसा एकावर लावावा की दोन-तीन मध्यम पिचर्सवर, हे कोणत्या हिशोबाने ठरवायचं?